घाटापलीकडचा नकाशा

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. माझ्या काचेला उजव्या कोपऱ्यातून तडा गेलाय आणि बॅटरी अशी फुगलीय की मला टेबलावर ठेवलं तर मी डुगडुगतो. आता माझा मुक्काम कपाटाच्या खालच्या खणात असतो, तीन बिघडलेले चार्जर आणि एका बंद घड्याळाच्या शेजारी. पण मला नुसता बोलायचा फोन समजू नका हं! मी वाटाड्या होतो. जिथे रेंजची एक काडीसुद्धा येत नाही अशा डोंगरात मी सहा वर्षं रस्ता दाखवला. एकदाच मला तो दाखवता आला नाही, आणि ते एकदाच मला अजून छळतं.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. निळ्या टोप्या घातलेल्या बायकांनी मला जोडलं, पुसलं, डबीत घातलं. माझ्या पोटात त्यांनी जागा दिली फक्त सोळा जीबी. दुकानात वरच्या फळीवर चौसष्टवाले आणि एकशे अठ्ठावीसवाले ऐटीत उभे असत आणि मी आपला अगदी खाली, स्वस्तातल्यांच्या रांगेत. मला ज्यांनी घेतलं ते काका अंथरूण पाहून पाय पसरणारे होते. त्यांनी मला उलटंपालटं केलं, कानाला लावून पाहिलं आणि म्हणाले, "बोलता येतं ना? मग झालं तर!"

काका ऑक्सिजनच्या गोदामात टेम्पो चालवत. आमच्या मुलखात दगडाच्या खाणी फार. आयुष्यभर ती धूळ छातीत गेलेली माणसं म्हातारपणी घरात पडून असत, नाकाला नळी लावून. त्यांच्या दारात भरलेला सिलिंडर पोचवायचा आणि रिकामा उचलून आणायचा, हे काकांचं काम. सिलिंडरला उशीर झाला तर काय होतं हे त्यांना पुरतं माहीत होतं, म्हणून ते जेवायला बसतानाही घड्याळ समोर ठेवत. सगळे त्यांना हवावाले काका म्हणायचे.

माझ्यात नकाशाचं ॲप घातलं ते त्यांच्या लेकीनं. "बाबा, याला इंटरनेट लागत नाही. वर आकाशात उपग्रह असतात, ते सांगतात तुम्ही कुठे आहात. फक्त त्या त्या भागाचा नकाशा आधी घरी वायफायवर उतरवून ठेवायचा."

"आणि पैसे?"

"फुकट."

"फुकट? मग काहीतरी गोम असणार."

गोम होती, मित्रांनो. ती मी तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. उपग्रह मला एवढंच सांगतात की मी कुठे आहे. रस्ता कुठे आहे हे त्यांना ठाऊक नसतं. रस्ते असतात माझ्या पोटातल्या नकाशात. तो पोटात असला तर मी शहाणा, नसला तर ठार अडाणी.

पहिले दिवस मजेत गेले. काकांनी मला डॅशबोर्डवर स्टँडमध्ये बसवलं. माझ्यातला बाईचा आवाज "दोनशे मीटरवर डावीकडे वळा" म्हणाला की काका त्याच्याशी भांडत. "बाई, मला नको शिकवूस! तुझ्या जन्माच्या आधीपासून मी इथे वळतोय." पण वळत मात्र डावीकडेच. प्रत्येक रोग्याच्या घरापाशी ते माझ्या नकाशावर एक खूण करून ठेवत, आणि खुणांना नावं देत ती त्यांच्या पद्धतीची. 'हिरवं फाटक'. 'कुत्रं सुटं असतं'. 'चहा घेतल्याशिवाय न सोडणारी आजी'. 'जिना अवघड, दोन माणसं लागतील'. एकशे बारा खुणा झाल्या होत्या. गोदामाचे साहेब बाकीच्या ड्रायव्हरांना सांगत, "यांच्या फोनमध्ये बघा, सगळा डोंगर आहे." माझ्या अंगावर तर मूठभर मांस चढायचं.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. मी यायच्या आधी काका नाक्यानाक्यावर थांबून विचारत. पानवाला, शाळेचा शिपाई, धुणं वाळत घालणारी बाई, सगळ्यांशी दोन शब्द बोलत पुढे जात. मी आलो आणि ते विचारणं हळूहळू बंद झालं. "आपल्याकडे हा आहे ना," म्हणत ते काच वर करून घेत. तेव्हा मला त्यात मोठेपणा वाटला होता.

पुढे काकांना आणखी एक सवय लागली. पाठ असलेल्या रस्त्यावर ते माझा नकाशा कधीच चालू करत नसत. "उगाच चार्जिंग जातं," म्हणायचे. ओळखीचा रस्ता संपला की मग माझं बटण दाबायचं. ही सवयही लक्षात असू द्या.

काकांना एक थोरली बहीण होती. ते तिला ताई म्हणत. काका आठ वर्षांचे असताना वडील गेले, तेव्हा ताईनं शाळा सोडली आणि खाणीच्या कचेरीत पावत्या लिहायला लागली, म्हणून काका शिकले. त्यांच्या आईला शेवटी शेवटी ताईनंच सांभाळलं. एका दुपारी आईला धाप लागली आणि ताईनं काकांना फोन लावला. आम्ही तेव्हा एका खोल दरीत होतो, सिलिंडर उतरवत होतो. रेंज नव्हती. दरी चढून वर आलो आणि ताईचे अकरा मिस्ड कॉल माझ्यावर एकदम कोसळले. काकांनी टेम्पो पळवला, पण आई गेलेली होती.

माणसं जमली होती. ताईचा तोल सुटला. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "जगाला हवा वाटत फिरतोस आणि आईच्या वेळी तुझा फोन लागत नाही!"

काका खाली मान घालून बसून राहिले, आणि सगळं उरकल्यावर चपला घालून निघाले ते तिच्या दारात पुन्हा गेले नाहीत. खरं म्हणजे दोष कुणाचा होता? रेंज मला नव्हती. पण माणसं फोनवर रागावत नाहीत, एकमेकांवर रागावतात.

पहिलं वर्षभर ताईचे फोन यायचे. माझ्या काचेवर 'ताई' असं नाव उमटायचं आणि काका मला उपडा करून ठेवायचे. मी उपडा पडून थरथरत राहायचो. काकू म्हणायच्या, "अहो, उचला की. मोठी बहीण आहे तुमची. रागाच्या भरात बोलून गेली बिचारी." काका म्हणायचे, "तू मध्ये पडू नकोस." पुढे फोन कमी झाले आणि मग थांबले.

तीन वर्षांनी एक मेसेज आला. ताई आता घाटापलीकडे, खाणकामगारांच्या नव्या वसाहतीत, लेकीकडे राहायला गेली होती. तिनं घराचं लोकेशन पाठवलं होतं आणि खाली लिहिलं होतं, "आता इथे असते. इकडे कधी आलास तर ये. भाकरी तरी खाऊन जा." काकांनी तो मेसेज कितीतरी वेळा वाचला. उत्तर दिलं नाही. पण नकाशावर त्या जागी खूण केली, आणि तिला नाव दिलं नुसतं 'ताई'. मला वाटलं, चला, बर्फ वितळणार आता. मी वाट बघत राहिलो.

वर्ष गेलं. मी म्हातारा होत चाललो होतो. सोळा जीबी भरून वाहत होते. उठताबसता मला कुरकुर करावी लागायची, 'जागा शिल्लक नाही, जागा शिल्लक नाही.' एके दिवशी लेकीनं नातवाचा व्हिडिओ पाठवला, पोरगं पहिल्यांदा चाललं होतं. तो काही केल्या उतरेना. काका गोदामाच्या पायरीवर बसून माझं पोट चाचपू लागले. फोटो पुसवेनात, गाणी पुसवेनात. मग ते नकाशांच्या यादीत आले. आमच्या बाजूचा विभाग रोजच्या कामाचा. त्याखाली होता 'घाटापलीकडचा विभाग, त्रेसष्ट एमबी'.

मी माझ्या रीतीप्रमाणे विचारलं, 'नक्की पुसायचं?'

काकांचा अंगठा थोडा वेळ तसाच राहिला. मग ते स्वतःशीच म्हणाले, "तिकडे कोण मरायला जातंय!" आणि त्यांनी 'होय' दाबलं. नातू माझ्या काचेवर चार पावलं चालला आणि बदकन खाली बसला. काका हसले. मीही खूश झालो. मूर्ख मी!

त्यानंतर तीन आठवड्यांनी, एका रविवारी, सकाळी अकराला काका गोदामात सिलिंडरांचे काटे तपासत होते. अनोळखी नंबरावरून फोन आला.

"मामा, मी बोलतेय." ताईची लेक होती ती. "मामा, आईची हवेची मशीन बंद पडलीय. पहाटेपासून लाईट नाही. सिलिंडरवर ठेवलीय, पण तोही संपत आलाय."

"हवेची मशीन? ताईला? कधीपासून?"

"आठ महिने झाले. तिनं सांगू दिलं नाही तुम्हाला. आमच्या इथलं गोदाम आज बंद आहे. दवाखान्याची गाडी लांब गेलीय, दोन-तीन तास म्हणतात. शेजाऱ्यांची जीप आहे ती बिघडलेली. मामा, मी काय करू?"

काकांचा आवाज एकदम कामाचा झाला. "काटा कितीवर आहे?"

"पंधरावर."

"लिटर किती ठेवलंय?"

"दोन."

"कमी करू नकोस, तिला धाप लागेल. सव्वा तास जाईल. मी निघालो."

"मामा, घाट उतरलात ना, की खाणीचे खूप फाटे लागतात, तिथे वजनकाट्यापाशी..."

"लोकेशन आहे माझ्याकडे," काका म्हणाले. "तू फोन ठेव आणि तिच्याजवळ बस. तिला सांग, मी निघालोय म्हणून."

मित्रांनो, मला ओरडता आलं असतं तर मी गोदाम डोक्यावर घेतलं असतं. काका, नकाशा पुसलाय आपण! इथे रेंज आहे, इथेच उतरवून घ्या! पण बटण दाबल्याशिवाय फोनला बोलता येत नाही, आणि पाठ असलेल्या रस्त्यावर काका बटण दाबत नसत. दोन भरलेले सिलिंडर मागे बांधले, सिलिंडर उघडायची चावी खिशात टाकली, आणि अकरा वाजून आठ मिनिटांनी आम्ही निघालो. घाटमाथ्यापर्यंतचा रस्ता काकांच्या हातात बसलेला होता. ते तोंडानं काहीतरी पुटपुटत होते. मी नीट ऐकलं. "आठ महिने... आठ महिने... अगं, मला सांगायचं तरी."

घाटमाथ्यावर अकरा तेहेतीस झाले. ओळखीचा रस्ता संपला. काकांनी माझा नकाशा चालू केला, 'ताई' या खुणेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हं, बोल."

मी काय बोलणार? काचेवर सगळं करडं होतं. एकही रेघ नाही. खाली आमचा निळा बाण आणि वर तांबडी खूण, 'ताई', अकरा किलोमीटर. उपग्रह आपलं काम चोख करत होते. आम्ही कुठे आहोत ते मला माहीत होतं आणि ताई कुठे आहे तेही माहीत होतं, मधला रस्ता तेवढा नव्हता. मी पाटी दाखवली, 'या भागाचा नकाशा डाउनलोड करा.' वरच्या कोपऱ्यात रेंजच्या जागी फुली होती.

काकांना सगळं आठवलं ते मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला, चांगला जोरात.

मागे आठ मिनिटांवर रेंज होती. मागे फिरून, नकाशा उतरवून परत यायला वीसेक मिनिटं लागली असती. जेमतेम का होईना, आम्ही वेळेत पोचलो असतो. हे मी शांतपणे हिशेब करून सांगतोय. काकांकडे शांतपणा कुठला? मागे वळायचं म्हणजे तिच्यापासून लांब जायचं, हे त्यांच्या पायाला पटेना. "बाण तर आहे," ते म्हणाले. "बाणानं जाऊ." आणि आम्ही घाट उतरलो.

खाणीच्या मुलखात रस्ते ट्रक ठरवतात. आज एक फाटा, उद्या दुसरा, आणि सगळे सारखेच पांढरे. शंभर पावलांवर दोन फुटतात, त्यातला एक कुठल्या तरी खड्ड्याच्या काठाशी संपतो. रविवार, खाणी बंद. एकही ट्रक नाही, की त्या फाट्यांवर रस्ता विचारायला माणूस नाही. काका ज्या फाट्यानं बाण खुणेकडे सरकेल तो फाटा धरत. बाण सरकायचा, सरकायचा, आणि मग रस्ता हळूच पाठ फिरवायचा.

बारा वाजता आम्ही एका प्रचंड खाणीच्या काठावर येऊन थांबलो. पुढे रस्ता नव्हता, खाली दोनशे हात खोल खड्डा. पलीकडच्या काठावर वसाहतीची पाण्याची टाकी आणि पत्र्याची छपरं स्वच्छ दिसत होती. मी सांगितलं, खूण नऊशे मीटरवर. माझ्या सिमला मात्र तिथेही रेंज नव्हती. काका टेम्पोतून उतरले, काठाशी उभे राहिले आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले, "ताई! आलोय गं! आलोय!" समोरून कुणीच बाहेर आलं नाही. दुपारच्या उन्हात छपरं नुसती चमकत होती.

आम्ही मागे फिरलो. दुसरा फाटा एका कुलूपबंद लोखंडी फाटकाशी संपला. काकांनी हॉर्नवर हात दाबून धरला. बऱ्याच वेळानं शेडमधून एक म्हातारा पहारेकरी गुंड्या लावत बाहेर आला.

"वसाहतीला जायचंय! लवकर सांगा!"

"अहो, तुम्ही उलटे आलात की," तो म्हणाला. "घाट उतरल्याबरोबर वजनकाटा लागला ना, तिथेच उजवीकडे वळायचं होतं. सरळ डांबरी रस्ता आहे, दारापर्यंत. कुणालाही विचारलं असतं तरी सांगितलं असतं."

"विचारायला कुणी नव्हतं," काका म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता.

"वजनकाट्यावर आमचा माणूस बसलेला असतो, रविवारीसुद्धा."

होता तो. मी पाहिला होता. वजनकाट्याच्या खोलीबाहेर खुर्चीत बसला होता, आणि काका माझ्याकडे बघत त्याच्यासमोरून गेले होते.

वसाहतीत पोचलो तेव्हा एक वाजला होता. घर ओळखावं लागलंच नाही. दारात बायका उभ्या होत्या. काकांनी सिलिंडर खांद्यावर घेतला आणि त्या बाजूला झाल्या. मी त्यांच्या शर्टाच्या खिशात होतो, छातीचे ठोके मला मोजता येत होते.

खोलीत ताई खाटेवर होती. भाची तिचा हात धरून खाली बसली होती. काकांनी कुणाकडे पाहिलं नाही. रिकाम्या सिलिंडरची नळी काढली, भरलेल्याला लावली, चावी फिरवली. सूं असा आवाज सुरू झाला. त्यांनी मास्क ताईच्या तोंडावर नीट बसवला, लहान मुलाचा बसवावा तसा, आणि म्हणाले, "ताई, आलो गं. घे, श्वास घे. दोन आणलेत. भरपूर आहे. घे ना."

खोलीत फक्त त्या सिलिंडरचा आवाज होता. किती वेळ, मी मोजला नाही. मोजायचं यंत्र माझ्यात आहे, पण मोजला नाही.

मग भाची उठली. तिनं काकांच्या हातावर हात ठेवला. "मामा, बंद करा ते. अर्धा तास झाला तिला जाऊन. कुणाला तरी लागेल तो."

काकांनी चावी उलटी फिरवली. आणि मग ते ताईच्या पायाशी डोकं ठेवून ढसाढसा रडले.

"सारखी विचारत होती," भाची म्हणाली. "निघाला का, निघाला का. मी म्हटलं, निघालेत. मग शांत झाली. म्हणाली, मग काळजी नाही, त्याला रस्ते पाठ असतात."

तोच सिलिंडर दुसऱ्या दिवशी काकांनी 'चहा घेतल्याशिवाय न सोडणारी आजी' हिच्या घरी पोचवला. चहा घेतला नाही. आजीनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि आग्रहही केला नाही.

पुढे माझी बॅटरी फुगली आणि काकांकडे नवा फोन आला, भरपूर जागेचा. त्यात सगळ्या बाजूंचे नकाशे आहेत म्हणे. तरीही काका आता नाक्यावर टेम्पो थांबवतात, काच खाली करतात आणि माणसांना विचारतात. दर रविवारी भाचीकडे जातात, तेव्हा वजनकाट्यावरच्या माणसाशी दोन शब्द बोलून मग उजवीकडे वळतात. हे मला काकूंच्या बोलण्यातून कळतं. मला कुणी वाईट बोलत नाही. कुणी काहीच बोलत नाही.

मित्रांनो, तुमच्याही खिशात माझ्यासारखा कुणीतरी असेल. त्याला सांभाळा, पडू देऊ नका, पण सगळं त्याच्यावर सोपवू नका. रस्त्यावर माणूस दिसला तर काच खाली करा. आणि जागा कमी पडली तर माझी गाणी पुसा, माझे खेळ पुसा, हवं तर मलाच टाकून द्या, पण जिथे आपलं माणूस राहतं त्या बाजूचा नकाशा रागाच्या भरात पुसू नका. राग उतरतो हो. पण तो उतरेल तेव्हा रेंज असेलच असं नाही.

खणात जायच्या आधीची एक गोष्ट राहिली. त्या रविवारनंतर आठवड्यानं काका मला घेऊन गोदामाच्या पायरीवर बसले आणि त्यांनी घाटापलीकडचा विभाग पुन्हा उतरवला. चार मिनिटं लागली. करड्या काचेवर एकेक रेघ उमटली: घाट, वजनकाटा, डांबरी रस्ता, वसाहत. मग काकांनी 'ताई' या खुणेवर बोट ठेवलं आणि मी, मला दुसरं काही येतच नाही म्हणून, ताबडतोब रस्ता काढून दाखवला. गोदाम ते ताईचं दार, बावन्न मिनिटं.